दाजींनी बसवलेली घडी

आमच्या दाजींकडे मुक्कामाला गेलात तर अंथरूण मागू नका. घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींवर आहेत. मागची अडगळीची खोली रिकामी करून दाजींनी तिथे पॉडकास्टचं दुकान मांडलं, आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, आणि माझी ताई बघता बघता मुलाखतकार झाली. "आईने दिलेल्या गाद्या आहेत रे," ती मला म्हणते, "आता त्यांच्यावर फक्त आवाज झोपतो."

दाजी मुळात सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवणारे. "हॅलो, माइक टेस्टिंग" याच्यापुढे त्यांना आयुष्यात कुणी बोलू दिलं नाही. त्यामुळेच असेल, समोरचा बोलायला लागला की त्याला काय म्हणायचंय याच्याशी दाजींचं देणंघेणं नसतं. त्यांचं लक्ष आवाजावर. कोण श्वास ओढतो, कोण थुंकी गिळतो, कोण दर वाक्याला "म्हणजे" म्हणतो. संगणकावर हा सगळा कचरा कापण्यात त्यांचा हात असा बसला की ताईने त्यांचं नाव कात्री ठेवलं.

सुरुवातीला कार्यक्रम म्हणजे सावळा गोंधळ. पाहुणा दारात आणि दाजी वायर शोधत पलंगाखाली. पाहुणा चहा पिता पिता सगळ्यात झकास किस्सा सांगून मोकळा व्हायचा आणि माइक सुरू झाला की त्याची दातखीळ बसायची. एक निवृत्त फौजदार तर आपला भाग ऐकून तावातावाने परत आले. "हे मी बोललोच नाही! तुम्ही जोडलंय!"

मग दाजींनी घडी बसवली. पाहुण्यांसाठी पाठीला उशी, हाताशी कोमट पाणी, पंखा बंद असल्याबद्दल आगाऊ माफी. आणि दोन पक्के नियम. पहिला, पाहुण्याने उंबरा ओलांडला की रेकॉर्डिंग सुरू, म्हणजे चहाचे किस्से वाया जायला नकोत. दुसरा, रेकॉर्डिंग थांबवलं की सगळंच्या सगळं, कात्री न लावता, आपोआप पाहुण्याच्या फोनवर. त्यांनी ऐकावं, नको ते सांगावं, मगच दाजी हात लावणार. नियम दोन्ही सोन्यासारखे. पण दोन सरळ माणसांचं लग्न लावावं आणि संसाराचा विचका व्हावा, तसं झालं.

त्या दुपारी बसस्थानकाच्या बाई आल्या. म्हणजे स्थानकावर घोषणा करणाऱ्या. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या आवाजातल्या जुन्या घोषणा अजून तिथे वाजतात. गावातल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकलेला, चेहरा कुणी पाहिलेला नाही. इस्त्रीची साडी नेसून, केस चापून बसवून त्या आल्या, आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याने लिहिलेलं वाचलं हो. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं बोलणार. घरी सगळ्यांना सांगून आलेय."

बोलल्याही सुरेख. एका चुकलेल्या आजोबांना त्यांनी माइकवरूनच कसं धीर देत घरी पोचवलं, ते ऐकून ताईचे डोळे भरले. दाजींचे नाही भरले. दाजींच्या कानांत हेडफोन होते आणि हेडफोनात बाईंची कवळी वाजत होती. टक. टक टक.

मध्येच बाई तोंडावर पाणी मारायला बाहेर गेल्या. दार लागलं आणि दाजींनी हेडफोन मानेवर सरकवले.

"पुढच्या वेळी कवळीला वेगळा माइक लावू," ते म्हणाले. "घोषणा ही करते, घोडा हिच्या तोंडात धावतो."

ताई फिस्सकन हसली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, हळू. ऐकतील."

"कशा ऐकतील? या भिंतींना गाद्या आहेत, कान नाहीत."

कान टेबलावरच होते, काळे, स्टँडला लावलेले. दाजींनीच लावलेले. पण ज्याने यंत्र बसवावं त्यालाच ते दिसेनासं होतं.

मुलाखत संपली. बाईंनी ताईचा हात हातात घेतला, घरी सगळे मिळून मोठ्या आवाजात ऐकतो म्हणाल्या, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चहाला बसलो होतो तेव्हा दाजींच्या फोनवर बाईंचा निरोप आला, त्यांच्याच आवाजात. दाजींनी कौतुकाने स्पीकरवर लावला. स्थानकावरचाच तो सूर, शांत, एकेक शब्द सुटा: "माझ्या दातांमुळे आपल्या कामात जो अडथळा आला त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. भाग प्रसिद्ध करू नये, ही विनंती."

मला काही कळून मी विचारणार, तोवर ताईने बशी खाली ठेवली होती. दाजी उठून आतल्या खोलीत गेले. गाद्यांमुळे आवाज बाहेर येत नाही असं ते सगळ्यांना सांगतात, पण दार उघडं राहिलं होतं. त्यांचंच वाक्य बाहेर आलं. घोडा, कवळी, फिस्सकन हसू, सगळं. आवाज काय स्वच्छ आला होता! ते तिथेच थांबले असते तर बरं, पण त्यांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा.

बाहेर आले ते भिंतीकडे बघत. "सगळे मिळून ऐकतो म्हणाल्या होत्या," एवढंच म्हणाले.

नंतर उपाय सुचायला लागले. "फुलं पाठवू? किंवा एखादा छानसा निरोप लिहून..."

"जिभेने केलंय, जिभेनेच निस्तरा," ताई म्हणाली. "आणि मीही हसलेय. मी माझा वेगळा फोन करते. तुम्ही दारात जा."

एकट्याने जायचा धीर नव्हता म्हणून मला स्कूटरवर मागे घेतलं. वाटभर दाजी माफीचं भाषण घोकत होते. "मेव्हणे, 'अनवधानाने' कसं वाटतं?"

"दाजी, अनवधानाने रेकॉर्ड झालं. बोललात ते चांगलं मन लावून."

पुढे ते घोकायचे थांबले.

दार सुनेने उघडलं. आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "आई, ते आलेत. माइकवाले." बाई आल्या. "बसा" म्हणाल्या, आणि बोलताना त्यांनी तोंडापुढे पदर धरला. काल दाजींच्या खोलीत माइकसमोर हात मोकळे सोडून बोललेली बाई ती. पूर्ण वेळ पदर खाली आला नाही.

दाजींचं भाषण गेलं कुठच्या कुठे. "चुकलो," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "चुकलो."

"तुमचा आवाज चांगला आहे हो," बाई पदराआडून म्हणाल्या. "अगदी स्पष्ट आला होता. नातवाने तर दोनदा ऐकला."

सून खिडकीबाहेर बघू लागली.

"मी तो आवाज काढून टाकेन," दाजी घाईने म्हणाले. "दातांचा. एक टक राहणार नाही. कुणालाही कळणार नाही."

"मला कळेल ना," बाई म्हणाल्या. "आता मला दुसरं काही ऐकूच येत नाही." मग त्यांनी चहा दिला. आम्ही प्यायलो. दाजी इतके जपून प्यायले की घोटाचासुद्धा आवाज केला नाही.

तो भाग कधी प्रसिद्ध झाला नाही. ताई म्हणाली, दोनांतला एक नियम काढून टाका. दाजींनी दोन्ही ठेवले. आता पाहुणा दारात आला की ते आधी सांगतात, "यंत्र सुरू आहे. माझं बोलणंही यात येणार आणि तुम्हाला ऐकू जाणार." पाहुण्यांना वाटतं, काय सज्जन माणूस. पाहुणा बाहेर गेला की दाजी हेडफोन न काढता शाळेत उभं केल्यासारखे गप्प बसतात. ताईने टोमणा मारला तरी नुसतं माइककडे बोट दाखवतात.

आणि बसस्थानकाला वळसा घालून जातात. मी चिडवतो, पेट्रोल जाळताय दाजी. पण मागच्या आठवड्यात ताई माहेराहून येणार होती, जाणं भाग होतं. बस काही येईना. मग वरच्या भोंग्यातून तो आवाज आला, शांत, एकेक शब्द सुटा. गाडी उशिरा धावत असून प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

मी चिडवायला तोंड उघडलं होतं. पण दाजींनी हेल्मेट काढून हातात घेतलं होतं आणि मान खाली घालून उभे होते. बाजूच्या प्रवाशाला वाटलं, यांचं कुणी गेलंय. त्याने सरकून जागा दिली. दाजी बसले नाहीत.