दुर्गाच्या चाव्या आणि दुर्गाची वकीलबाई

आमच्या बिल्डिंगीत तळमजल्याला दुर्गा शिगवण राहते. साडीला फॉल लावते, पिको करते. खिडकीपाशी तिची मशीन आणि मशीनच्या वर भिंतीत सात खिळे. परक्या माणसाला वाटेल कॅलेंडरं लावायला असतील. सात कॅलेंडरं लावून काय करील बाई, तारीख तर एकच.

ते खिळे चाव्यांचे. जेसल पार्कातली आमची बिल्डिंग म्हणजे अर्धी रत्नागिरी. गणपती आले की घराला कुलूप लावून सगळे गावाला. मग मागे तुळशीला पाणी कोण घालणार? दुर्गा. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला आणि दिराने गावच्या घराचं दार लावून घेतलं, तेव्हापासून तिला गणपतीला जायला गाव नाही. मीही गुडघ्यांमुळे जात नाही. मुलगा-सून जातात, मला मोदकांचा फोटो पाठवतात.

दुर्गाची शिस्त कडक. प्रत्येक चावीला फॉलची उरलेली चिंधी बांधणार, पाष्ट्यांची मोरपिशी, घाग्यांची तपकिरी. आणि दुसऱ्याच्या घरात एकटीने पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी पहिल्या मजल्यावर माझ्या दारात यायची, "मावशी, चला पाणी घालायला." मी त्या घराच्या उंबऱ्यात चौकट धरून उभी. ती गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालणार आणि बाहेर येताना दोन्ही तळहात मला दाखवणार. "हे बघा मावशी."

"अगं, मी काय कस्टमवाली आहे?" मी म्हणायचे. अकरा वर्षं हाच खेळ.

ह्या वर्षी गणपती झाले, दुसऱ्या मजल्यावरचे पाष्टे गुहागरहून आले, मोरपिशी चिंधीची चावी घेऊन गेले. चार दिवसांनी ममता पाष्टेला कुठल्याशा साखरपुड्याला जायचं होतं. कपाट उघडलं तर पाटल्या नाहीत. आईच्या पाटल्या, चार तोळ्यांच्या. ती जिन्यातूनच ओरडत खाली आली, "दुर्गाताई, चावी तुमच्याकडे होती ना? मग पाटल्या काय उंदराने नेल्या?"

दुर्गा मशीनवरून उठली. म्हणाली, "चावी माझ्याकडे होती. पाटल्या नव्हत्या."

ममताचा नवरा जितेंद्र मवाळ माणूस, पण पाटल्या सासूच्या. त्याने तक्रार दिली. पोलीस येऊन जिन्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन गेले. बुधवारी पोलिसांचा कागद आला, सोमवारी अकरा वाजता चौकशीला हजर राहा. दुपारपर्यंत बिल्डिंगभर झालं. नळावर कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आता शिगवणबाई साडीला सोन्याचा फॉल लावणार." बोलणाऱ्याच्या तिन्ही मुलींच्या लग्नातल्या साड्या दुर्गाने रात्रीचा दिवस करून दिल्या होत्या.

त्या रात्री दुर्गा माझ्याकडे आली. रडली नाही. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, मला तुरुंगाची भीती नाही वाटत असं नाही. पण त्याहून जास्त भीती ह्याची वाटते, की मी इथून तोंड लपवून जाईन आणि सगळे म्हणतील, बघा, होतीच चोर. मला वकील हवा. चांगला. माझं खरं आहे ते नीट सांगणारा."

माझं शिक्षण चौथी. वकील मी टीव्हीवरच पाहिलेला. सून संजना म्हणाली, "आई, फोनवर सगळं मिळतं." तिने फोन चोळला आणि केबिन रोडचा एक वकील निघाला. पाच तारे. मी म्हटलं, तारे कोण देतं? "ज्यांची केस जिंकली ते लोक." आणि हरलेले? ते बहुतेक आत असतील, त्यांना फोन मिळत नसेल.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. ऑफिसात एसी, काचेचं टेबल, भिंतीवर मोठ्या मोठ्या माणसांबरोबर साहेबांचे फोटो. साहेबांनी कागद वाचला नाही. हातात धरून पंख्यासारखा हलवला.

"टेन्शन घेऊ नका. सोमवारी मॅटर क्लोज. माझी आतमध्ये ओळख आहे, गॅरंटी देतो." मग माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही रोज सोबत होतात ना?"

आता इथे मला एक सांगायला हवं. मी रोज नव्हते. पाष्टे सात दिवस गावाला होते. त्यातल्या पाचव्या दिवशी माझा गुडघा असा सुजला की मोरीपर्यंत जाता येईना. दुर्गा दारात आली तेव्हा मी पलंगावरूनच म्हटलं, "जा गं एकटी. तुळस काय पळून जाणार आहे?" ती दोन मिनिटं घुटमळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती एकटी वर गेली.

"सहा दिवस होते," मी म्हटलं.

"सात म्हणायचं," साहेब म्हणाले. "म्हातारं माणूस, कोण उलटतपासणी करणार? सात म्हटलं की विषय संपला."

मी मान हलवली. खरं सांगते, हलवली. चूक माझी होती आणि इतक्या स्वस्तात ती पुसली जात असेल तर कोण नको म्हणेल?

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि सरळ बाहेर पडली. जिन्यात मला म्हणाली, "मान का हलवलीत?"

"अगं, तुझ्यासाठीच ना."

"माझ्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे मी चोरी केली असं तुम्हालाही वाटतं. आणि जो वकील पहिल्या दिवशी मला खोटं शिकवतो, तो दुसऱ्या दिवशी मलाच खोटं सांगेल. त्याची ती गॅरंटी त्याच्याकडेच राहू दे."

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. आम्ही रिक्षाने घरी आलो. उतरताना मी म्हटलं, "उद्या सकाळी नऊला तयार राहा. आता मी माझ्या पद्धतीने बघते."

माझी पद्धत सोयरिकीची. आयुष्यात मी अकरा लग्नं जुळवली. मुलाची चौकशी मी नातेवाइकांकडे कधीच केली नाही, ते गोडच बोलणार. मी विचारते इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला. ज्याला माणसाची रोजची बाजू दिसते त्याला. एका मुलाच्या आईने सांगितलं होतं, मुलगा कंपनीत मोठा साहेब. इस्त्रीवाला म्हणाला, सहा महिन्यांत एक शर्ट आला नाही. लग्न मोडलं. मुलगी आज सुखात आहे, बोरिवलीला.

कोर्ट आता मिरारोडलाच झालंय, पूर्वी बारीकसारीक कामालाही ठाणं गाठावं लागायचं. शुक्रवारी आम्ही तिथे गेलो. बाहेर झेरॉक्सवाला होता. मी दुर्गाच्या नोटिशीच्या दोन प्रती काढायला दिल्या आणि विचारलं, "भैया, इधर अच्छा वकील कौन है?"

"माताजी, बोर्ड पे तो सब अच्छे ही हैं."

"तो फिर बुरा बताव."

तो हसला. "मेरा धंदा बंद करवाओगी क्या?" मग मशीनचं झाकण लावत हळूच म्हणाला, "वकील का मुझे नहीं पता. कागज का पता है. किसी का कागज तब आता है जब जजसाहब बैठ चुके होते हैं, भागते-भागते, आधे पन्ने उलटे. वो गावंड मॅडम का कागज एक दिन पहले शाम को आता है. हर पन्ने पे नंबर."

मला माझा इस्त्रीवाला सापडला.

पण एकाच्या शब्दावर मी मुलगी देत नाही. आत जाऊन बाकावर बसलो. तासाभराने ती दिसली. रुचिता गावंड, पस्तिशीची, सावळी, पायात साध्या चपला. तिच्याबरोबर एक म्हातारा बाप होता, मुलगा आत असलेला. तो हात जोडत होता, "मॅडम, आज सुटेल ना?" ती म्हणाली, "नाही काका. आज सुटणार नाही. पोलिसांचं म्हणणं आलेलं नाही. मंगळवारची तारीख मागते, तोपर्यंत घरचा डबा मिळेल असं बघते." म्हाताऱ्याचा चेहरा पडला. पण ती तिथून पळाली नाही. त्याच्या शेजारी बसून त्याला परत समजावलं, तिसऱ्यांदाही समजावलं.

दुर्गा माझ्या कानाशी म्हणाली, "हीच."

"तिने तर नाही म्हटलं त्याला."

"म्हणूनच."

संध्याकाळी केबिन रोडच्या मागच्या गल्लीत तिच्या ऑफिसात गेलो. खोली एवढीशी. एक पंखा, एक कपाट, फायलींवर नावं. तिने नोटीस घेतली आणि वाचली. परत पहिल्यापासून वाचली. मग मला म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? मीच तर तुम्हाला शोधून काढलं."

"हो, आणि तुम्ही साक्षीदार होऊ शकता. दुर्गाताई काय सांगतात ते तुम्ही ऐकायचं नाही आणि तुम्ही काय सांगता ते त्यांनी ऐकायचं नाही. मला दोघींचं वेगवेगळं हवंय."

मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाऊण तास बसले. अपमान वाटला, पण स्थळ जुळवताना जिच्यासमोर मुलगी मोकळं बोलेल अशी सासू मी नेहमी शोधत आले होते, हेही आठवलं.

माझी पाळी आली. रुचिताने पेन उघडलं. "मावशी, रोज गेला होतात?"

सात हा आकडा अगदी जिभेवर होता. मी खाली बघून म्हटलं, "पाचव्या दिवशी नाही. गुडघा होता. मीच तिला एकटी जा म्हटलं."

तिने लिहून घेतलं, भुवई उंचावली नाही. "किती वाजता?"

"दिवेलागणीला."

"बरं झालं सांगितलंत. तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात कॅमेरा आहे, पोलिसांनी त्याचं रेकॉर्डिंग नेलंय. त्यात त्या एकट्या वर जाताना दिसणारच. तुम्ही सात म्हटलं असतं तर त्या एका दिवसापायी बाकीचे सहा दिवसही खोटे ठरले असते."

पाच तारेवाल्याने आम्हाला कुठे नेऊन सोडलं असतं!

मग तिने दुर्गाला आत बोलावलं आणि नीट सांगितलं. नोटीस आली म्हणजे अटक झाली असं नाही. हजर राहायचं, विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. ठाण्याच्या कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा, म्हणजे पुढे पकडायला आले तर कोर्टाचं संरक्षण हाताशी. "जामीन मिळेल अशी खात्री मी देत नाही," ती म्हणाली. "कागद पुरे असतील आणि तारखेला मी उभी असेन, एवढी देते."

दुर्गा म्हणाली, "एवढीच हवी होती."

सोमवारी दुर्गा इस्त्रीची साडी नेसून पोलिसांकडे गेली. मुद्दाम बिल्डिंगीच्या मधल्या दारातून, नळावरून. रुचिता बरोबर होती. तीन तास विचारलं. माझाही जबाब झाला आणि मी पाचवा दिवस आपणहून सांगितला.

पंधरवड्याने ठाण्याला अर्जाची सुनावणी. सरकारी वकील उठले आणि आवाज चढवून म्हणाले, "साहेब, ही बाई एक दिवस बंद घरात एकटी गेली होती!" मला वाटलं, झालं.

रुचिता शांतपणे उभी राहिली. "होय. अर्जाच्या तिसऱ्या पानावर आम्हीच ते लिहिलंय. चावी परत दिल्यानंतर चार दिवसांनी पाटल्या नसल्याचं लक्षात आलं, तेही तिथेच आहे. आणि नोटीस मिळाल्यावर त्या दिलेल्या वेळेला हजर राहिल्या."

जजसाहेबांनी पान उलटलं. नंबर होताच.

जामीन मिळाला. दर सोमवारी पोलिसांकडे हजेरी आणि सांगितल्याशिवाय बाहेरगावी जायचं नाही. दुर्गा म्हणाली, "मला कुठे गाव आहे?"

पाटल्या अजून मिळालेल्या नाहीत. केस चालू आहे. रुचिता सांगते, वेळ लागेल, आणि ती सांगते म्हणजे लागणार. बिल्डिंगीत सगळे एकदम शहाणे झाले असं समजू नका. फॉलच्या साड्या निम्म्यावर आल्या. संजना एकदा तिला म्हणाली, "दुर्गाताई, ते खिळे तरी काढून टाका, उगाच नजर जाते."

"नाही काढणार," दुर्गा म्हणाली. "मी काढले तर चोरी मी केली असं होईल. ज्यांनी चाव्या न्यायच्या त्यांनी न्याव्यात. खिळे माझे आहेत."

दिवाळीच्या तोंडावर चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेन खाली आल्या. त्या भावनगरला निघाल्या होत्या. मी दुर्गाकडेच बसले होते. हंसाबेननी चावी मशीनवर ठेवली. "दुर्गाबेन, आ राखजो. तुलसीला पानी घालायचा, दस दिवस."

दुर्गाने हात मागे घेतला. "हंसाबेन, माझ्यावर केस चालू आहे."

"तो? केस कोर्टमां छे. तुलसी तो मारी गॅलरीमां छे." आणि त्या गेल्या. रिक्षा उभी होती.

दुर्गा चावीकडे बघत बसली. मग कात्री घेतली, लाल फॉलची चिंधी कापली, चावीला गाठ मारली आणि मधल्या खिळ्याला अडकवली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, चार मजले आहेत. लिफ्ट नाही. तुम्ही राहू द्या, मी वकीलबाईंना विचारते काय करायचं ते."

"वकीलबाईंना काय विचारायचंय? किती वाजता निघायचं ते सांग."

दहा दिवस चढले. प्रत्येक वळणावर बसत, देवाला आणि बिल्डरला सारख्याच शिव्या देत. पाचव्या दिवशी गुडघा परत भोपळ्याएवढा झाला. दुर्गा म्हणाली, "उद्या जाऊ, एक दिवस तुळस मरत नाही." मी म्हटलं, "चल पुढे हो."

चौथ्या मजल्यावर मी चौकट धरून उभी राहिले. तिने पाणी घातलं, बाहेर आली, आणि सवयीने दोन्ही तळहात पुढे केले.

मी चष्मा लावला. दोन्ही हात माझ्या हातात घेतले, उलटे-सुलटे करून, एकेक बोट नीट बघितलं.

"हं," म्हटलं. "आता लाव कुलूप."