झेंडूचा पतंग

दोन कार्यक्रमांच्या मध्ये चॅनेलचं चिन्ह हलत-फिरत येतं ना, त्याला आमच्या धंद्यात आयडेंट म्हणतात. पाच सेकंदांचा जीव, पण माझं पोट त्याच्यावर. एका नव्या मराठी चॅनेलचं चिन्ह होतं पतंग. तो मी कॉम्प्युटरवर सोन्याचा, चकचकीत करत होते. खंडेनवमीला संध्याकाळी द्यायचा, नाहीतर काम मुंबईच्या स्टुडिओला जाणार. तळवड्यात घरी बसून मिळवलेलं पहिलं मोठं काम! मी काही ते सोडणार नव्हते.

खंडेनवमीच्या सकाळी अंघोळ करून आले तर कॉम्प्युटर बंद. वर हळदीकुंकू, झेंडूचा हार. रात्रभर चालवलेलं काम अर्ध्यात मेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा होणं शक्य नव्हतं.

"अण्णा, हे काय केलंत?"

"आज हत्यार चालवायचं नसतंय, पोरी. आमी कंपनीत बी मशीन बंद करूनच पुजायचो."

अण्णा म्हणजे माझे वडील. चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. तिथंच डाव्या हाताचं अर्धं बोट गेलं. तेव्हापासून कुणी फोटो काढायला लागलं की तो हात खिशात. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले.

मग म्हटलं, रडून काय होणार? कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही आयडेंट होतेच की! कॅमेऱ्यापुढे खरी वस्तू ठेवायची, जराशी सरकवायची, पुन्हा फोटो. पूजेचा उरलेला झेंडू पाटावर ओतला आणि दोन डब्यांवर मोबाईल आडवा ठेवला.

"मोबाईल हत्यार न्हाई व्हय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"त्याला कुंकू कुठं लावलंय तुम्ही?"

अण्णा हसले. मांडी घालून बसले आणि मी सांगेन तशी एकेक पाकळी सरकवत राहिले. जेवायलासुद्धा उठले नाहीत. ऊन उतरायच्या आत पाटावर पतंग उडाला. फोटो मोबाईलवरच जुळवले.

शेवटची पाकळी सोडताना त्यांचं अर्धं बोट फोटोच्या कडेला दिसत होतं.

"तेवढं काढ गं. लोकं काय म्हनतील?"

"नाही काढणार."

चॅनेलवाल्यांनाही पतंग आवडला, पण बोट काढा म्हणाले. मी सांगितलं, घ्यायचा तर बोटासकट घ्या. घेतला!

आता घरी पाहुणे आले की अण्णा जाहिराती संपेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. पतंग आला की डावा हात खिशातून बाहेर काढतात आणि त्याच बोटानं टीव्ही दाखवतात.

"ह्यो मी."