अण्णासोंची पार्टी

क्रांतीच्या हातात ब्रश आला की घरात कुणी सुखानं चहा प्यायचा नाही. शिवाजी पेठेत माझं फ्रेमचं दुकान आहे. तिचं प्रत्येक चित्र माझ्याकडंच येतं आणि निम्म्या वेळा चौकट ठोकायच्या आत ती ते परत घेऊन जाते. म्हणते, “रंग बेसूर लागलाय.” आता रंगाला कसला आलाय सूर! पण गाणं ऐकताना तिला खरंच रंग दिसतात, आणि ते तिचं तिलाच सोसत नाही.

याला कारण तिचे वडील. कोडोलीचे अण्णासो म्हणजे भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीला त्यांची तारीख मिळावी म्हणून गावोगावची मंडळं भांडायची. यंदा घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. पार्टीच्या कॅसेट टेपरेकॉर्डरनं कधीच खाल्ल्या होत्या. आपण विसरायच्या आत तो आवाज कॅनव्हासवर धरायचा, एवढं एकच खूळ क्रांतीनं घेतलं. निळा लावला, खरवडला. हळदी लावला, तोही खरवडला. उपाशी फिरायची, आईवर ओरडायची. मला तर ती दिसली की धडकीच भरायची.

शेवटी माप घ्यायला मीच कोडोलीला गेलो. चित्रात अण्णासो माइकसमोर उभे होते, आणि मागं कोरसच्या बायका नुसत्या करड्या. त्यांतलीच एक तिची आई, सोनूबाई. चित्राकडं बघून त्या म्हणाल्या, “ह्येंनी दम कवा घ्यायचा मग? मागं आमी हाय का न्हाय?”

क्रांतीनं हातातला ब्रश खाली ठेवला. लहानपणी ती स्टेजवर आईच्या मांडीवर झोपायची. वडिलांचं गाणं तिनं ऐकलं ते आईच्या आवाजातून.

“आई, तू म्हण.”

“म्या कवा एकटीनं म्हटलंय? आधी कुणीतरी उचलाय पायजे की.”

मग क्रांतीनंच उचललं. आवाज असा फाटका की मी मान खाली घातली. अण्णासोंनी कपाळावर हात मारला आणि तळहातानं खुणावलं, खाली, अजून खाली. ती पुन्हा चुकली. न राहवून सोनूबाईंनी कोरस धरला. अण्णासो मांडीवर ताल देत गप्प बसले. कोरस चालू असताना पूर्वीही ते असेच गप्प बसायचे, दम घेत. घटकाभर वाटलं, काही झालेलंच नाही. मला रडू आलं, लपवून काय करायचं?

कोरस संपला. पुढचं कडवं अण्णासोंचं. सवयीनं त्यांनी मान वर करून तोंड उघडलं. क्रांतीचा चेहरा बघवेना.

सोनूबाईंनी तीच ओळ पुन्हा धरली. पार्टीचा रिवाजच तो, गायकाला दम लागला तर कोरसनं थांबायचं नाही, ओळ फिरवत राहायचं. त्या फिरवत राहिल्या, आणि क्रांती घाईघाईनं करड्या बायकांवर निळा चढवू लागली.