बोंडअळीच्या पतंगाच्या मिशा

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तेव्हा फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं होतं. सुट्टीत कधीतरी कॉम्प्रेसर बंद पडला होता. चार वर्षांचं सगळं काम त्या कुबट, कोमट डब्यात सडून गेलं होतं.

माझं संशोधन होतं कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगावर. मादी हवेत गंध सोडते, तो नराच्या मिशांवरच्या बारीक केसांत शिरतो. पण गंधाचा कण तेलकट आणि केसाच्या आत पाणी, त्यामुळे तो पुढे जाऊ शकत नाही. तिथे एक प्रथिन असतं. सहा सर्पिल पट्ट्या एकमेकींना बिलगून मध्ये एक पोकळ खिसा तयार करतात. त्या खिशात गंध बसवून हे प्रथिन त्याला मज्जातंतूपर्यंत नेतं. खिशाचा नेमका आकार कळला, तर नराला चकवणारा गंध घडवता येईल, अशी माझी आशा होती. आकार कळण्यासाठी प्रथिनाचे स्फटिक हवेत, आणि ते चार वर्षांत एकदाही तयार झाले नव्हते.

"मार्चपर्यंत प्रबंध द्यावा लागेल. आता मुदतवाढ मिळणार नाही," मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

सगळं पहिल्यापासून करायचं तर ताज्या पतंगांच्या मिशा हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी कोरीटला, आमच्या घरी पोचले. आप्पा खळ्यात पंप धूत होते. बोंडं पोखरली जात होती, म्हणून उद्या सकाळी फवारणी करायची होती.

मी बॅग खाली न ठेवताच म्हणाले, "आप्पा, आठ दिवस फवारू नका."

"का बरं?"

"मला पतंग हवेत. जिवंत."

त्यांनी हातातला पंप खाली ठेवला. मी काय मागते आहे हे मला कळत होतं. बापाच्या उभ्या पिकात कीड राहू द्या, असं मी म्हणत होते. तरी शब्द मागे घेतले नाहीत.

"बरं," आप्पा शेवटी म्हणाले. "आठ दिवस थांबसू."

रोज सकाळी मी वावरातल्या सापळ्यांमधून नर पतंग गोळा करायची. तांदळाच्या दाण्याएवढे, मातकट. ओसरीवर बसून बर्फावर त्यांना बधिर करायची आणि चिमट्याने मिशा उपटून त्या टिकवणाऱ्या द्रावणाच्या कुपीत टाकायची. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून दहातल्या सात मिशा मधूनच तुटू लागल्या.

"तुन्हा हात थरथरी ऱ्हायनात," माय म्हणाली. "दे मले."

तिने चष्मा लावला आणि एकही मिशी न मोडता संध्याकाळपर्यंत कुपी भरली. मी शेजारी बसून रडत होते. ती मान वर न करता काम करत राहिली.

शेजारचे काका बांधावर येऊन आप्पांना म्हणाले, "तुम्हना वावरना पतंग आम्हना वावरमा ई ऱ्हायनात." आप्पांनी हात जोडले. त्यांना असं कुणापुढे हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी मी कुपी घेऊन निघाले, तेव्हा कपाशीची वरची बोंडं हाताला पोकळ लागत होती.

नंतरचे तीन महिने मी जवळजवळ प्रयोगशाळेतच काढले. मिशांतून जनुक मिळालं, त्यावरून प्रथिन तयार झालं, शुद्धही झालं. स्फटिक धरावेत म्हणून त्याच्या द्रावणाचे शेकडो थेंब मांडले, रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फेब्रुवारीत एका थेंबात सुयांसारखे स्फटिक दिसले. स्वच्छ, लखलखीत. मी बाईंना हाताला धरून ओढत आणलं. त्यांनी त्यावर क्ष-किरण टाकायला लावले. संगणकावर मोजकेच ठळक ठिपके उमटले, एकमेकांपासून लांब लांब.

"मीठ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "द्रावणातलं मीठ. प्रथिन नाही."

मी जिन्यात जाऊन आप्पांना फोन लावला. झालं ते सांगितलं.

"मीठ?" ते म्हणाले. "आपू मीठसाठे थांबनूत?"

त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. पलीकडे माय विचारत होती, पोर जेवली का. मी फोन ठेवला. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवले नाही.

प्रबंध मी वेळेत दिला. स्फटिकाच्या जागी संगणकाने अंदाजाने काढलेली आकृती घातली. पदवी मिळाली. आप्पांनी ती कपाशी त्या हिवाळ्यातच, ठरल्या वेळेआधी उपटून त्या रानात हरभरा पेरला होता. मी सध्या म्हसावदजवळच्या एका कॉलेजात शिकवते. प्रथिनांचा धडा आला की पोरं विचारतात, मॅडम, हा आकार खरा कसा कळतो? मी फळ्याकडे वळते आणि सहा पट्ट्या काढायला लागते. मधला खिसा काढताना मात्र रेघ कुठून न्यायची हे मला अजून ठाऊक नाही.