निरोगी माणसाचा घास

लग्न होऊन सासरी जेसल पार्कला आले, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच जेवणाला नियम सांगितला: प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. आमटी-भातसुद्धा. जेवण संपता संपायचं नाही आणि मला मनापासून राग यायचा.

मी तेव्हा मुंबईतल्या एका इस्पितळाच्या संशोधन विभागात टेक्निशियन होते. माणूस गिळत असताना त्याच्या अन्ननलिकेचा एक्स-रेवर चक्क सिनेमा काढायचा, हे आमचं काम. घास दिसावा म्हणून त्याला बेरियमची पांढरी पेस्ट लावायची. रोग्यांशी ताडून बघायला निरोगी वयस्कर माणसं हवी असत, पण यायला कोणी तयार नसे. सासरे एका पायावर तयार झाले. शेजारच्या गुजराती काकांना "हमारा पिक्चर निकल रहा है" म्हणून सांगूनही आले.

त्यांना यंत्रासमोर उभं केलं, बेरियम लावलेलं बिस्किट तोंडात दिलं. डॉक्टरांनी कॅमेरा सुरू केला. "काका, गिळा."

सासरे चावू लागले.

"काका, गिळा आता."

त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. फिल्म सुसाट पळत होती आणि तिच्यावर नुसता जबडा हलत होता. रीळ संपलं. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या रिळाच्या वेळी मी दम भरला, "बाबा, इथे तुमचा नियम नाही चालायचा. थोडं चावा नि गिळा." ते जरा घाबरून माझ्याकडे बघत राहिले. मग गिळलं.

संध्याकाळी फिल्म धुऊन सावकाश चालवली. पांढरा घास छातीपर्यंत उतरला आणि एका अरुंद जागी अडकून बसला. मला एकदम आठवलं. उत्तनची कोळीण दारात विचारायची, "बाबा, सुरमई हाय, घेत न्हाय?" आणि हे हट्टानं मऊ बोंबीलच घ्यायचे.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, बोलला का नाहीत?"

"सगळे भराभर जेवून उठायचे हो," ते म्हणाले. "मी एकटाच मागे राहायचो."

डॉक्टरांनी नळी घालून ती जागा रुंद केली. बरं वाटल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी स्वतः सुरमई घेतली आणि बघता बघता ताट साफ करून उठले. हात धुऊन आले, तर आम्ही सगळे सवयीनं अजून चावतच होतो. ते परत आमच्या पंगतीत येऊन बसले.