काकीचं नाव बोर्डावर मावेना

भाटघरजवळच्या आमच्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, आणि तेही लांबलचक. काका गेल्यावर डेअरीतलं दुधाचं खातं काकीच्या नावावर झालं. दूध मोजलं की समोरच्या बोर्डावर खातेदाराचं नाव झळकतं. काकी पहिल्या सकाळी किटली घेऊन हौसेनं गेली, तर बोर्डावर आलं नुसतं आडनाव. मागच्या माणसाचं तेच, त्याच्या मागच्याचंही तेच. आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे खरा माणूसच गळत होता.

इतके दिवस कुणी तक्रार केली नव्हती, कारण जो तो पावतीवरचा आपला खातेनंबर बघून मोकळा होई. काकी मात्र हटून बसली. डेअरीच्या सेक्रेटरींनी सुचवलं की खातं पुण्यातल्या मुलाच्या नावावर करा, कटकटच नको. जणू मुलाचं आडनाव आखूड होतं! मी भोरला घरी बसून एका कंपनीसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिते, म्हणून काकीनं मला फोन केला.

"धारा म्या काढायच्या अन् नाव दिसायचं न्हाई. तुला येतंय ना ते, मग कर," ती म्हणाली.

मशीन बसवणाऱ्यानं प्रोग्राम डेअरीच्या कॉम्प्युटरवरच ठेवला होता. तो वाचला आणि माझं डोकं फिरलं. नाव आत वाइड कॅरेक्टरमध्ये होतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच ऐसपैस जागा. बोर्डाकडे पाठवताना त्याचं मल्टिबाइट करायचं, म्हणजे ज्या अक्षराला जेवढे बाइट लागतील तेवढेच द्यायचे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, मराठीला तीन लागतात, काना-मात्रांचे पुन्हा वेगळे. या गड्यानं सरसकट एकच धरला होता. इंग्रजीत एखादं नाव टाकून बघितलं असणार, चाललं, गेला घरी. जागा संपली की रूपांतर निमूट थांबतं, आणि ते पुरं झालं का हे विचारायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

किती बाइट लागतील ते मी आधी प्रोग्रामलाच मोजायला लावलं, मग तेवढी जागा घेतली. काम फार नव्हतं. तपासायला काकीचं नाव टाइप करायला गेले आणि बोटं थांबली. मला ते माहीतच नव्हतं. जन्मापासून ती माझी काकी. फार लाज वाटली. शेवटी सेक्रेटरींना विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम डेअरीत थांबले. काकीचं दूध मोजलं. बोर्डावर आडनाव आलं, मग तिचं नाव, मग काकांचं. काकी जागची हलेना. मागं रांग वाढली, तसं सेक्रेटरींनी तिला जरा पुढं व्हायला सांगितलं.

"माहेर सुटल्यापासनं हे नाव कुणी घेतलं न्हाई," काकी म्हणाली. "बघू दे मला."

पुढचं दूध मोजेपर्यंत बोर्डावर आधीचंच नाव राहतं. सेक्रेटरींनी पुढची किटली घेतली नाही.