बॅटरीवरचे पोचे

धंतोलीत एका खासगी दवाखान्यासमोर, कडुनिंबाखाली रामाजी बॅटरीवाले बसत. टॉर्चला आपल्या नागपुरात बॅटरीच म्हणायचं. आत घालतात ते सेल. त्यांच्याकडे यायच्या त्या स्वस्तातल्या, पत्र्याच्या. पेशंटसोबत आलेल्या खेड्यातल्या लोकांच्या, चौकीदारांच्या, मिलच्या कामगारांच्या. रामाजींचा हात सोन्याचा, पण जीभ कात्रीची. आत सेल फुगून फुटलेली बॅटरी कोणी आणली की सुरू व्हायचे, "पेटीत ठेवाची तं सेल काढून ठेव ना गा. का लोणचं घालून राहिला तिचं?" लोक हसत आणि ऐकूनही घेत.

पोचा काढण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सेलच्या जाडीचा बाभळीचा दांडा नळीत घालायचा आणि वरून लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकत जायचं. पोचा कुठं होता ते मालकालाही सापडत नसे. शिवाय पोचा पाहून बॅटरी कशी पडली तेही ते सांगत. हातातून निसटली की तोंडाची कड चेपते, माळ्यावरून सरळ खाली आली की बूड.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मिलमधला मधुसूदन आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. त्याच्या बॅटरीची नळी मधोमध आडवी दबली होती आणि सेल आत रुतून बसले होते. "पडली काका," तो म्हणाला. रामाजींनी ती फिरवून पाहिली. कड शाबूत, बूड शाबूत. अशी बॅटरी पडत नाही, अशी बॅटरी हाणली जाते. हाणली कोणाला, तेही कळायला पंडित लागत नव्हता. पण लोकाच्या घरात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून त्यांनी मोगरी उचलली आणि बॅटरी नव्यासारखी करून दिली.

पंधरा दिवसांनी तीच बॅटरी, तसाच पोचा. पोळ्याच्या आठवडाभर आधी तिसरी खेप. या वेळी काचेचं कडं उघडलं तर आट्यांमध्ये लांब केस गुंतलेले, तेल लावलेले, मुळासकट. रामाजींच्या मस्तकात तिडीक गेली. 'बायकोला मारतोस, लाज नाही वाटत?' एवढंच म्हणायचं होतं. अख्ख्या धंतोलीला फाडून खाणारा हा माणूस, आणि त्याची जीभ ऐन वेळी घसरली कुठं, तर पत्र्यावर.

"हे पत्र्याचं काम हाय," ते खेकसले. "मारझोड कराले नाही बनवली हे. पत्रा खराब होते."

"बराबर हाय काका," मधुसूदननं मान डोलावली.

रामाजींना वाटलं, बाण बरोबर लागला. दोन दिवस स्वतःवर खूश होते, मूर्ख माणूस.

पोळा झाला, आणि एका भर दुपारी दवाखान्यासमोर सायकलरिक्षा थांबली. आत मधुसूदनची बायको प्रेमिला. डोक्याला बांधलेला टॉवेल भिजून रिक्षाच्या पायदानावर रक्त ठिबकत होतं. एक कान फाटला होता, डाव्या डोळ्याच्या जागी नुसता लगदा दिसत होता. शेजारच्या शोभाताईंनी तिला मिठीत धरलं होतं. "भाजीत मीठ जास्त झालं म्हून मारलं मेल्यानं," त्या रडत सांगत होत्या. चौघांनी उचलून तिला आत नेलं.

मागून सायकलवर मधुसूदन आला. दवाखान्यात गेला नाही. सायकल स्टँडला लावून सरळ निंबाखाली आला आणि पिशवीतून नवी तीन सेलची बॅटरी काढली. पितळेची, जड.

"काच तेवढी बदलून द्या काका. तुमचं ऐकून पितळेची घेतली. पाहा, एक पोचा नाही पडला."

रामाजींनी बॅटरी हातात घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली. पुढचे दात तुटले. दुसरा घाव गळ्याखालच्या हाडावर बसला, ते मोडल्याचा आवाज चहावाल्या बाबारावांनी रस्त्यापलीकडून ऐकला. मधुसूदन कोसळला, रक्ताच्या गुळण्या टाकत "काका, काका" करू लागला. रामाजी गुडघ्यावर मारत राहिले, मग घोट्यावर, मग पुन्हा गुडघ्यावर. बाबारावांनी मागून कवळा घातला तेव्हा कुठं हात थांबला.

पोलीस आले, रामाजींना घेऊन गेले, आणि लोकांनी चौकीवर जाऊन जामिनावर सोडवून आणलं. मग काय विचारता. धंतोलीत रामाजींचा जयजयकार. चहा फुकट, कोणी हार घातला, कोणी पाया पडलं. रामाजी मात्र हार काढून बाजूला ठेवत आणि मोगरी उचलत.

बाराव्या दिवशी प्रेमिला दवाखान्यातून बाहेर आली. डोकं भादरलेलं, त्यावर टाके, डावा डोळा गेलेला. शोभाताई तिला काटोलला माहेरी पोचवायला निघाल्या होत्या. ती रिक्षाकडे न जाता निंबाखाली आली. रामाजी उठून उभे राहिले. भोवती माणसं जमली. आता ही पाया पडेल, असंच सगळ्यांना वाटलं.

"काका," ती म्हणाली. जबडा दुखत होता, शब्द सावकाश येत होते. "नवी बॅटरी घेऊन हे घरी आले तवा हासून राहिले होते. म्हने, रामाजीनं सांगतलं, पत्रा खराब होते म्हून. तुम्ही असं म्हटलं?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. त्या माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं?

"म्हटलं वं बाई."

"म्हंजे तुम्हाले ठाऊक होतं."

"पयल्या दिवसापासून."

तिनं राहिलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि शोभाताईंचा खांदा धरून रिक्षात जाऊन बसली.